नेटवाल्याच्या खिशातला भूगोल

आमच्या भातकुलीत ऑनलाइन काही भरायचं असलं की माणूस नेटवाल्याकडे जातो. सातबारा काढायचा असो, पीक विमा भरायचा असो, पोराला जातीचा दाखला पाहिजे असो, सगळं त्याच्या एका टेबलावर होतं. आपण प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचं, आधार कार्ड पुढे सरकवायचं आणि तो टकटक करत असताना पंख्याकडे पाहत राहायचं. मध्येच तो आईचं नाव विचारतो, ते सांगायचं. शेवटी तो एक कागद काढून देतो, त्याची घडी करून पर्समध्ये टाकायची आणि घरी यायचं. कागदावर काय लिहिलं आहे ते कुणी तिथे उभं राहून वाचत नाही. तसं वाचणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं.

दूरशिक्षणाने बी.ए. करायचं मी ठरवलं तेव्हा मीसुद्धा याच खुर्चीवर जाऊन बसले. बारावीनंतर लग्न झालं होतं, मुलगा आता पुण्याला कामाला लागला होता आणि दुपारी घर खायला उठत होतं. माझी मोठी जाऊ अशीच घरी बसून बी.ए. झालेली, तिच्यानंतर गल्लीतल्या आणखी दोघी-तिघी झाल्या. त्यामुळे घरात कुणी नाही म्हटलं नाही. पहिलं वर्ष बिनबोभाट पार पडलं. पहिल्या वर्षी सगळ्यांना सगळंच सारखं असतं.

दुसऱ्या वर्षी मुख्य विषय निवडायचा असतो, आणि एकदा निवडला की पदवी हातात येईपर्यंत तोच. मी नेटवाल्याला म्हटलं, भूगोल भरा. त्याने मान हलवली. मी पंख्याकडे पाहिलं. आईचं नाव सांगितलं. कागद घेऊन घरी आले, आणि का कोण जाणे, या वेळी घडी उघडून वाचला. मुख्य विषय राज्यशास्त्र.

मला वाटलं चूक झाली असेल. त्याच पावली परत फिरले. त्याने कागद पाहिला आणि अगदी शांतपणे मला सांगितलं की चूक वगैरे काही नाही, बायांचं तो राज्यशास्त्रच भरतो. माझ्या जावेचं त्यानेच भरलं होतं, गल्लीतल्या बाकीच्यांचंही. म्हणजे पुस्तकं घरातल्या घरात फिरतात, गाइड तयार, खुणा केलेल्या तयार, पेपरात काय येतं तेही सगळ्यांना ठाऊक. भूगोल आजवर कुणी मागितला नव्हता.

"मी मागितला ना," मी म्हटलं.

"मले वाटलं तुमी अशाच म्हनून राहिल्या," तो म्हणाला.

माणूस वाईट नव्हता. कुणाचं काम अडवून ठेवणारा नव्हता. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली ती गेलीच. मी चाळिशी ओलांडलेली बाई, आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी तोंड उघडून सांगितलं की मला हे पाहिजे, तर त्याला ती अशीच गंमत वाटली.

भूगोलच का, हे मला घरीही सगळ्यांनी विचारलं. माझं माहेर बाळापूरचं, सासर भातकुलीचं, आणि दोन्हीकडचं विहिरीचं पाणी खारं. अख्खा खारपाणपट्टा. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, आणि ते पिकाला दिलं तर काळी जमीन दगडासारखी होऊन बसते. लहानपणी मी वडिलांना विचारायची की इथून समुद्र एवढा लांब, मग आपल्या विहिरीत मीठ कुणी टाकलं. ते म्हणायचे, असंच असते. लग्न होऊन आले तर सासरेही तेच म्हणाले, असंच असते. शाळेत एक बाई होत्या, त्यांनी फळ्यावर नदीचं खोरं काढून सांगायला सुरुवात केली होती, तेवढ्यात तास संपला. पुढचा तास झालाच नाही, त्यांची बदली झाली. मला तो अर्धा राहिलेला तास पूर्ण करायचा होता. बस, एवढंच. पण हे जावेला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, नळाला धरणाचं गोड पाणी येऊन राहिलं, आता विहिरीचं काय घेऊन बसली. वरून म्हणाली, कपाटभर पुस्तकं ठेवली तुझ्यासाठी, ती काय रद्दीत घालू?

विषय बदलायची सोय होती. तारीख उलटायच्या आत संकेतस्थळावर जाऊन स्वतःच बदलायचा होता. मी नेटवाल्याला म्हटलं, आत्ता बदला. तर साइट उघडेना. एक गोल चाक नुसतं फिरत राहिलं. तो म्हणाला, सकाळी या. सकाळी गेले तर शटर खाली आणि त्यावर कागद चिकटवलेला, की बाळापूरला भाचीचं लग्न असल्यामुळे दुकान बंद राहील.

हरकत नाही, म्हटलं. पुतण्याचा लॅपटॉप घरी होता आणि जावेला तो चालवता येत होता. आम्ही दोघी जेवणखाण आवरून बसलो. साइट उघडली, माझा नोंदणी क्रमांक टाकला, आणि पडद्यावर आलं की तुमच्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे. मी माझा फोन हातात धरून बसले. काही येईना. जावेने नीट पाहिलं तर खाली मोबाइल क्रमांकाचे शेवटचे आकडे दिसत होते, आणि ते माझे नव्हते.

ते नेटवाल्याचे होते.

फोन केला तेव्हा त्याने तेही तसंच शांतपणे सांगितलं. बायांचे फोन नवऱ्याकडे असतात, नवरे वावरात असतात, तिथे रेंज नसते, ओटीपी येतो आणि जातो. मग बाई खुर्चीवर बसून राहते आणि मागे रांग लागते. म्हणून तो सगळ्यांच्या अर्जावर स्वतःचाच नंबर टाकतो. वर्षानुवर्षं टाकतो. तालुक्यातल्या निम्म्या शिकणाऱ्या बायका विद्यापीठाच्या लेखी त्याच्या खिशात राहत होत्या, आणि माझा स्वतःचा फोन असूनही मीसुद्धा त्यातच होते. त्याने मला विचारलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

त्यानंतर जे झालं त्याने माझ्या नाकी नऊ आणले. तो म्हणाला, पाठवा पुन्हा, मी आकडा सांगतो. आम्ही पाठवला. त्याने सांगितला, जावेने टाकला, चुकीचा निघाला. पुन्हा पाठवला, पुन्हा सांगितला, पुन्हा चुकीचा. मग उलगडा झाला. तारीख जवळ आलेली, त्यामुळे सगळीकडच्या बायकांचे ओटीपी त्याच्या फोनवर धो धो येत होते, सगळे संदेश दिसायला एकसारखे. तो वरचा वाचत होता आणि वरचा दुसऱ्याच कुणाचा तरी होता. पडद्यावर लाल अक्षरांत आलं की आणखी एकदा चुकलं तर खातं बंद होईल. जावेने लॅपटॉपचं झाकणच मिटून टाकलं. मागून पुन्हा फोन केला तर त्याच्याकडे हळदीचा बँड वाजत होता. त्याला माझं ऐकू येत नव्हतं आणि मला त्याचं.

दुसऱ्या दिवशी अमरावतीला अभ्यासकेंद्रावर गेले. तिथल्या बाबूने माझं म्हणणं निम्मं ऐकलं आणि कानावर हात ठेवले. मोबाइल नंबर बदलणं त्यांच्या हातात नाही, ते वरून होतं. वरून म्हणजे कुठून, तर मदतकेंद्राचा फोन. मदतकेंद्राला फोन लावला की एक बाई अतिशय गोड आवाजात सांगे की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि मग सनई लावून ठेवी. अखेर एक खराखुरा माणूस भेटला. तो म्हणाला, सहीचा अर्ज स्कॅन करून मेल करा, कामाच्या सात दिवसांत नंबर बदलून मिळेल. मी म्हटलं, अहो, तारीख उद्याची आहे. तो म्हणाला, मग जुन्या नंबरवरचा ओटीपी टाकून आजच बदला. मी फोन ठेवला. ठेवला कसला, पर्समध्ये आपटला. अभ्यासकेंद्राच्या बाकावर बसून मला इतका राग आला की बाजूच्या मुलीने आपली पिशवी उचलून दुसरीकडे नेली.

घरी आल्यावर नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. तो दिवसभर वखराच्या मागे फिरून आलेला. म्हणाला, राज्यशास्त्रात काय काटे आहेत? त्याचा सूर वाईट नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग आला. कुणीच माझ्या विरोधात नव्हतं. सगळे माझं सोपं करायला निघाले होते, नेटवाला, जाऊ, नवरा, आणि त्या सोपेपणात माझी एक गोष्ट चिरडून चालली होती. मी म्हटलं, मी उद्या बाळापूरला जाते. तो म्हणाला, भावाकडे? मी म्हटलं, नाही, लग्नाला. कुणाच्या, तर नेटवाल्याच्या भाचीच्या.

सकाळच्या एसटीने अमरावती, तिथून अकोला, तिथून बाळापूर. उन्हाळा संपत आला होता तरी अकोल्याच्या स्टँडवर पाय भाजत होते. बाळापूरला उतरून माहेरच्या गल्लीवरून गेले तेव्हा डोक्यावर पदर ओढून घेतला. भावाने पाहिलं असतं तर चहा, मग जेवण, मग थांब आजच्या दिवस, आणि माझं सगळं मुसळ केरात. लग्नाचा मंडप किल्ल्याच्या बाजूच्या मोकळ्या जागेत होता. बोलावणं नसलेली मी, हातात आहेर नाही, अंगावर प्रवासाची चुरगळलेली साडी. तरी दारातल्या मुलीने गुलाबपाणी शिंपडलं आणि हातात पिवळ्या ज्वारीच्या अक्षता दिल्या.

आत पाहते तर मंगलाष्टकं सुरू झालेली. अंतरपाटाच्या अलीकडे नवरी उभी, आणि तिच्या पाठीशी मामा म्हणून डोक्याला फेटा बांधून आमचा नेटवाला. त्याच्या शर्टाच्या खिशातला फोन सारखा उजळत होता. कुणाकुणाचे ओटीपी येत होते देव जाणे.

मी बायकांमधून वाट काढत पार पुढे गेले. त्याने मला पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला. त्याने डोळ्यांनी सांगितलं, थांबा. मी डोळ्यांनी सांगितलं, थांबणार नाही. मी पदराआड फोन धरून जावेला लावला आणि पाठव म्हटलं. ती म्हणाली, पाठवला, पण पाच मिनिटांच्या आत टाकला नाही तर गेला. मंगलाष्टक म्हणणारे काका सूर लावून एकेक ओळ ओढत होते. त्यांची पाच मिनिटांत दोन कडवीही झाली नसती.

मग नेटवाल्याने एक हात नवरीच्या खांद्यावर तसाच ठेवला, दुसऱ्या हाताने खिशातला फोन काढला आणि करवलीच्या हातात दिला. करवलीने तो माझ्याकडे सरकवला. फोनला लॉक. अंगठ्याशिवाय उघडेना. मी तो परत पुढे केला, त्याने मागे वळून न पाहता पाठीमागे अंगठा धरला, मी त्यावर फोन टेकवला. नवरदेवाच्या बाजूचे लोक टाचा उंचावून पाहत होते. माझ्या शेजारची एक बाई दुसरीला म्हणाली, हा कोणता विधी आहे, आपल्याकडे तं नसते.

संदेशांचा ढीग होता. जावेला म्हटलं, नेमका कधी पाठवला ते सांग. तिने लॅपटॉपच्या कोपऱ्यातली वेळ सांगितली, त्या वेळेचा संदेश मी शोधला. घाईत दोनदा भलताच उघडला. 'सावधान' झालं आणि सगळ्यांनी अक्षता टाकल्या. माझ्याही मुठीत त्या होत्या. मी त्या नवरीवर टाकल्या आणि त्याच दमात फोनवर एकेक आकडा ओरडून सांगितला.

"उघडलं," जाऊ म्हणाली. मग नुसता कळा दाबल्याचा आवाज येत राहिला. मी हॅलो हॅलो करत होते. मला वाटलं, गेलं. इतकं करून गेलं.

"नंबर बदलला तुया," ती म्हणाली. "आता विषय. भूगोल तं दाखवते, पन अमरावतीच्या केंद्रावर नाही म्हनते. अकोल्याले हाय. केंद्र अकोला करा लागीन."

अकोला म्हणजे दर रविवारी तासांना जाणं. सकाळी निघून दिवस मावळायला परत येणं, दोन-दोन एसट्या बदलत. वर्षभर नव्हे, पदवी होईपर्यंत. रविवारी घरी सगळे असतात, पाव्हणे येतात, वावरातली माणसं जेवायला असतात. हे सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. एवढ्या धडपडीत मी याचा विचारच केला नव्हता. मी फक्त भूगोल मिळवण्यासाठी भांडत होते. तो मिळाल्यावर काय, हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. बँड सुरू झाला. अंतरपाट कधीच खाली गेला होता, हार घालणं चाललं होतं, आणि मी मंडपाच्या बांबूला धरून उभी होते. जीव नुसता टांगणीला लागलेला.

"बोल," जाऊ म्हणाली. "भाऊजीले इचारू का?"

"नको," मी म्हटलं. "टाक अकोला."

बँडच्या आवाजात मी फोन कानाशी आणखी घट्ट धरला. आता ती बोलेल, पुस्तकांवरून, विहिरीवरून, मी मनाची तयारी केली. उत्तरंही तयार ठेवली होती.

"टाकलं," ती म्हणाली. मग म्हणाली, "मले तं आठोतच नाही व, राज्यशास्त्र मले कोनं घ्याले लावलं होतं ते. मले दुसरं काई पायजे होतं का, ते बी आठोत नाही." आणि लगेच नेहमीच्या रोखठोक आवाजात, "इतवारच्या भाकरीचं मी पाहीन. तू जाय अकोल्याले."

फोन ठेवला आणि मला रडू आलं. साधं नाही, हुंदके देऊन. इतक्या दिवसांचा राग होता, तो आता कुठे ठेवायचा ते कळेना. भर मंडपात, अनोळखी माणसांत मी पदर तोंडाला लावून रडत होते. समोर वऱ्हाडी नाचत होते.

एक म्हातारी बाई माझ्याजवळ आली. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, खुर्ची ओढून मला बसवलं, पाणी दिलं. मला म्हणाली, "नवरीची कोन तुमी?"

मी म्हटलं, कोणी नाही.

"कोनी नाही तं एवढ्या रडून काहून राहिल्या?"

मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, "मले भूगोल भेटला."

तिने माझं मनगट धरून मला उठवलं.

"बरं झालं माय," ती म्हणाली. "चाल, आता जेवून घे." आणि मला नवरीकडच्या बायकांच्या पंगतीत नेऊन बसवलं.